मालवणची जीप आणि मॅटखालचा गंज



पिकांविषयी, खतांविषयी आणि किडींविषयी लिहिणाऱ्या माणसाने एकदम जुन्या जीपगाडीच्या तळाविषयी लिहायला घेतले, तर आपण म्हणाल की साहेबांचे काहीतरी बिनसले आहे. पण थोडे थांबा. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात लोखंडाचे काही ना काही उभे असते. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची ट्रॉली, कुणाचे पेरणी यंत्र, आणि काहीच नाही तर गोठ्यावरचा पत्रा तरी. या लोखंडाला खाणारा शत्रू एकच, तो म्हणजे गंज. त्याची ओळख मला एका जीपने करून दिली. ती ओळख मला महाग पडली. आपल्याला ती फुकट मिळावी, म्हणून हे लिहितो आहे. चला तर, आधी माझ्याबरोबर घाट उतरून मालवणला चला.

करूळ घाट उतरताना

मे २०१८ मधली गोष्ट. पहाटे कोल्हापूर सोडले आणि गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. बालिंगा, कळे, असळज अशी गावे मागे पडतात, तसा दोन्ही बाजूंचा ऊस कमी होत जातो आणि भातखाचरे व डोंगर सुरू होतात. गगनबावडा म्हणजे घाटमाथा. कोल्हापूर शहरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या कितीतरी पट इथे पडतो. मे महिन्यातही सकाळी तिथे धुके होते. पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात, एक भुईबावड्याकडे आणि दुसरा करूळकडे. करूळ घाटाने खाली उतरले की वैभववाडी येते, मग तळेरे, कणकवली, कसाल, आणि तिथून कट्ट्यावरून मालवण. एकूण अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण घाटाच्या वरचे आणि खालचे जग वेगळे. वर काळी माती, खाली तांबडी. वर उसाचा फड, खाली आंबा, काजू, फणस आणि माड.

मी हा रस्ता पहिल्यांदा उतरलो तो १९९४ साली, नोकरीचा हुकूम खिशात घालून. बी.एस्सी. ॲग्री होऊन खात्यात लागलो आणि पहिली नेमणूक सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाली. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० पासून सुरू होती आणि कोकणात तिचा मोठा जोर होता. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची काजूची कलमे वाडीवाडीवर पोचवायची, खड्डे मोजायचे, लागवड पाहायची, हे आमचे काम. त्यासाठी आमच्याकडे एक जीप होती.

उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी, महिंद्रा सीजे-३बी. १९७८ सालची. तरुण वाचकांना सांगायला हवे की, खेड्यापाड्यांत सरकार पहिल्यांदा दिसले ते पुष्कळदा जीपमधूनच. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप गावच्या चावडीपुढे उभी राहू लागली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, तेव्हाही वाहन जीपच. चिखल असो, ओढा असो, पुढचीही चाके ओढायला लागली की ती निघायचीच.

आमच्या जीपवर एक चालक होते. वयाने माझ्यापेक्षा खूप मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. मला कोकण कळले ते मामांच्या शेजारी बसून. कुठल्या वाडीत पाणी कुठून येते, कोणाच्या अंगणात आधी चहा घ्यायचा, कोणाकडे चहा घेतला नाही तर राग येतो, हे सारे त्यांनी शिकवले. पुढे माझी बदली झाली, जीप लिलावात निघाली आणि मालवण तालुक्यातल्या एका बागायतदाराने ती घेतली. मामा निवृत्त होऊन आपल्या वाडीत राहिले. जाता जाता मी त्यांना म्हणालो होतो, "मामा, कधीतरी ही गाडी मी घेईन आणि तुम्हाला फिरवायला नेईन." तरुणपणी माणूस असे बरेच काही बोलून जातो.

मॅट उचललीच नाही

तर बागायतदाराने जीप विकायला काढल्याचे कळले आणि मी २०१८ साली मालवणात येऊन थडकलो.

मालवणात आलेला माणूस सिंधुदुर्ग पाहिल्याशिवाय परत जात नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. पायाचे दगड बसवताना शिशाचा रस ओतला, असे सांगतात. होडीतून जाताना मी तटाकडे बघत होतो. साडेतीनशे वर्षे लाटा आदळताहेत आणि तट उभा आहे. पण धक्क्यावरच्या लोखंडी साखळ्या, खिडक्यांचे गज, होड्यांचे खिळे पाहावेत, तर तांबूस भुगा नुसता बोटाला लागतो. समुद्राच्या काठावर लोखंड टिकवणे म्हणजे उंदराच्या वाटेवर धान्य ठेवण्यासारखे आहे. मला त्याच वेळी उमजायला हवे होते, पण मन जीपकडे लागले होते.

जीप मांगरात उभी होती. तिच्यावर वाळलेला पेंढा पडला होता. पण रंग बऱ्यापैकी होता, इंजिन चाके फिरवून पाहिले तर मोकळे होते. मामांनाही बोलावून घेतले होते. वय झाले होते, पण पाठ ताठ. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर हात ठेवला, आणि मला म्हणाले,

"सायबानू, वरसून बरी दिसता. पण मॅट उचलून बघल्यात काय?"

मी हसलो. म्हणालो, "मामा, मॅटखाली काय असणार, पत्राच ना?" मामा काही बोलले नाहीत. व्यवहार झाला, जीप टेंपोत चढवली आणि घाट चढून घरी आणली.

घरी आल्यावर मॅट उचलली. पायाखालचा पत्रा जागोजाग फुगला होता. स्क्रूड्रायव्हर टोचला की बिस्किटासारखा आत जायचा. यात नवल काहीच नव्हते. वीस वर्षे या जीपच्या मागच्या भागात आम्ही ओल्या पिशव्यांतली कलमे नेली. पिशव्यांचे पाणी पत्र्यावर गळायचे. खताची फुटकी पोती नेली. पावसाळ्यात चिखलाचे पाय आत आले. वरून गोणपाटाची मॅट. ती ओली झाली की आठ-आठ दिवस वाळायची नाही. त्यात मालवणची खारी हवा.

आता माझी चूक सांगतो. मला घाई होती. मृग तोंडावर आला होता. मी गावातल्या एकाकडून चार दिवसांत काम करून घेतले. मोठ्या भोकांवर पत्र्याची ठिगळे डागली, लहान भोकांत लांबी भरली, गंजावर तसाच रेड ऑक्साइडचा हात फिरवला आणि खालून-वरून डांबर फासले. वर नवे रेक्झिन टाकले. गाडी नवरीसारखी दिसू लागली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "खालचे नीट केले आहे ना?" मी म्हणालो, "आता पंधरा वर्षे बघायला नको."

पुराचे पाणी आणि एक जखम

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला आलेला महापूर आपण विसरला नसाल. आमच्या गावातही पाणी शिरले. जीप उंचावर नेता नेता उशीर झाला आणि ती तीन दिवस आसनापर्यंत पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर इंजिन उघडले, तेल बदलले, ब्रेक पाहिले, सारे केले. फक्त मॅट उचलून डांबराखाली काय झाले, ते पाहिले नाही. डांबर लावलेय, पाणी आत जाईलच कसे, ही खात्री.

दिवाळीत मुलगी घरी आली होती. तिला शेतावर घेऊन निघालो. ओढ्याच्या उतारावर मी ब्रेक दाबला. तिने सवयीने पाय रोवले आणि तिचा पाय रेक्झिन व पत्रा फाडून आरपार खाली गेला. गाडी अगदी हळू होती म्हणून जागीच थांबली. पत्र्याच्या फाटक्या कडेने तिची पोटरी कापली होती. सात टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. गाडी वेगात असती तर काय झाले असते, हा विचार आजही रात्री मला झोपू देत नाही. आणि त्याच दिवशी कळले की, माझ्या स्वतःच्या आसनाचे पुढचे पाय ज्या पत्र्यावर बसवले होते, तोही पोखरलेला होता. त्या आसनाखालीच पेट्रोलची टाकी.

मुलगी दवाखान्यातून येताना एवढेच म्हणाली, "बाबा, क्षारपड जमिनीत निचरा न करता वर नुसते खत टाकू नका, असे तुम्हीच लोकांना सांगता ना?"

तिचे खरे होते. शिरोळकडच्या खाऱ्या झालेल्या रानांतून मी हेच वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. आधी निचरा, मग बाकीचे. आणि स्वतःच्या गाडीत नेमके उलटे केले होते.

उद्यमनगरातले दिवस

डिसेंबरात जीप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेली. ओतकाम, लेथ, इंजिनांचे सुटे भाग यांच्यासाठी हा भाग दूरवर माहीत आहे. एका गल्लीत जुन्या गाड्यांचे पत्र्याचे काम करणारे साठीचे मिस्त्री भेटले. त्यांनी डांबराचा एक पोपडा छिन्नीने उचलला. खाली ओला, काळसर तांबडा चिखल होता. पूर जाऊन चार महिने झाले होते, तरी ओल तशीच!

मिस्त्री म्हणाले, "आवो साहेब, ह्यो गंज तुम्ही मारला न्हाई. पांघरूण घालून झोपवलाय. त्यो आत बसून निवांत जेवतोय."

इथे गंजाचे शास्त्र थोडक्यात सांगतो. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया फार जोरात होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचा रंग उचलून फोडतो आणि त्या फटीतून आणखी पाणी आत जाते. शिवाय गंज स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या फटीत हवा कमी पोचते, आणि तिथेच पत्रा जास्त झिजतो. म्हणजे गंज दिसतो उघड्यावर, पण खातो झाकलेल्या जागी. गव्हावरचा तांबेरा पान वर करून पाहिला की दिसतो तरी. हा मॅट वर केल्याशिवाय दिसत नाही.

मिस्त्रींनी काम ज्या क्रमाने केले, तो क्रमच महत्त्वाचा आहे. म्हणून तो तसाच देतो.

पहिले काम सोडवण्याचे. बॅटरी काढली. पेट्रोलची टाकी पूर्ण बाहेर काढून लांब ठेवली. रिकाम्या टाकीला कधीही वेल्डिंगची ठिणगी लागू देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ अधिक घातक असते. मग आसने, मॅट, तळाखालचे रबर, सारे काढले.

दुसरे काम पत्रा ओळखण्याचे. मिस्त्रींनी लहान हातोडीने सगळा तळ ठोकला. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, पोखरलेला भद्द वाजतो. कलिंगड वाजवून पाहतो तसेच. जिथे भद्द वाजले तिथे खडूची खूण केली. मग खुणेच्या पलीकडे दोन बोटे चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला. कुजलेली फांदी आपण जिवंत लाकडापर्यंत छाटतो, त्यातलाच प्रकार. अर्ध्यावर थांबलो तर पुन्हा तेच.

तळाखाली आडव्या पोकळ पट्ट्या असतात. त्या उघडल्या तेव्हा आतून पुराचा गाळ निघाला. दोन ठिकाणी पाणी जाण्याची छिद्रे माझ्या डांबराने बुजली होती. म्हणजे पाणी आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती. बांधाला मोरीच न ठेवल्यासारखे.

तिसरे काम जोडण्याचे. सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीचा, म्हणजे अठरा गेजचा, नवा पत्रा मापाने कापून कडेला कड लावून जोडला. पूर्वी इथे गॅस वेल्डिंग करत, आता सीओटू वेल्डिंग करतात. एका बाजूने सलग वेल्डिंग केले तर पत्रा तापून वाकतो. म्हणून एक टाका इथे, एक तिथे, असे करत रेघ पूर्ण केली. जिथे पत्र्यावर पत्रा चढवावाच लागला, तिथे मधे जस्ताचा, वेल्डिंग चालणारा प्रायमर लावला.

चौथे काम धुण्याचे. बहुतेक लोक हे टाळतात. मालवणचे मीठ आणि खताचे अंश पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत असतात. वर रंग दिला तरी ते ओल खेचतात आणि रंगाखाली फोड येतात. म्हणून तारेच्या ब्रशाने, ग्राइंडरने सुटा गंज पूर्ण काढल्यावर गोड्या पाण्याने दोनदा धुतले, उन्हात कडकडीत वाळवले आणि थिनरने तेलकटपणा पुसला. खड्ड्यांत जो घट्ट गंज उरला, त्यावर फॉस्फरिक आम्लाचे औषध लावले. त्याने उरलेला गंज बदलून टणक थर होतो. हे औषध सुट्या, पापुद्र्याच्या गंजावर लावून उपयोग नाही. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच. डब्यावर लिहिले असेल त्याप्रमाणे धुऊन पुन्हा वाळवायचे.

पाचवे काम प्रायमर. साधा रेड ऑक्साइड स्वस्त असतो, पण तो एकटा ओल पूर्ण अडवत नाही. मिस्त्रींनी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर वापरला. दोन्ही डब्यांतले द्रव सांगितलेल्या प्रमाणात मिसळायचे आणि ठरलेल्या वेळेत संपवायचे. फवारणीचे औषध आपण कालवतो, तेवढीच शिस्त. सकाळी पत्र्यावर दव असते, म्हणून ऊन चढल्याशिवाय त्यांनी ब्रश उचलला नाही. हिवाळ्यातले कोरडे दिवस म्हणूनच या कामाला चांगले. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने केलेले काम म्हणजे ओल्या रानात घातलेली मळणी.

सहावे काम सांधे बंद करण्याचे. प्रायमर वाळल्यावर प्रत्येक जोडावर, वरून आणि खालून, पॉलियुरेथेनचा सिलर बोटाने दाबून बसवला. हा रबरासारखा लवचिक राहतो. गाडी हादरली तरी फाटत नाही. लांबी मात्र भोक बुजवायला कधीही वापरू नये. ती पाणी पिते आणि हादऱ्याने सुटते. आधी प्रायमर, मग सिलर, मग रंग, हा क्रम. उघड्या पत्र्यावर सिलर लावला तर त्याच्याच खाली गंज चढतो.

सातवे काम आवरणाचे. रंगावर खालच्या बाजूने रबरी अंडरकोट दिला. तो ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर आणि शाफ्टवर जाऊ नये म्हणून आधी तिथे कागद बांधले. जुने डांबर थंडीत कडक होते, तडकते, आणि तडकलेल्या डांबराआड पाणी बसते. शेवटी पोकळ पट्ट्यांच्या आत पातळ मेणाचा फवारा मारला, आणि पाणी जाण्याची छिद्रे तारेने उघडी केली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ही भोकं डोळ्यात तेल घालून जपा. सगळी गाडी ह्यांच्या जिवावर हाय."

मला जे सांगायचे आहे, ते या एका वाक्यात आले. पाणी येणारच. ते आत येऊ न देण्यापेक्षा ते आत थांबू न देणे अधिक महत्त्वाचे. झाकणे म्हणजे जपणे नव्हे.

शेतातल्या लोखंडाचे काय?

आता आपल्या दाराकडे वळू. ज्या ट्रॉलीतून आपण ऊस नेतो, तीतूनच खतही नेतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडच, मिठाचा सख्खा भाऊ. ते सांडले आणि वर दव पडले की ट्रॉलीचा तळ मालवणला गेल्यासारखा होतो. युरिया आणि इतर खतेही ओल ओढून घेतात. म्हणून खत उतरवले की त्याच दिवशी ट्रॉली झाडून, गोड्या पाण्याने धुऊन, उतारावर उभी करावी. शेणखत नेल्यावरही तसेच.

जळके ऑईल फासायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्याने काही दिवस पाणी अडते हे खरे. पण ते मातीत ठिबकते, जमीन आणि विहिरीचे पाणी बिघडवते, हाताच्या कातडीला घातक असते आणि रबर खराब करते. ते करू नये, असे मी शेती खात्याचा माणूस म्हणून आग्रहाने सांगतो.

वर्षातून दोन वेळा ठरवून ठेवा. एकदा मृगाच्या आधी, एकदा दिवाळीनंतर. मॅट उचला, फळ्या उचला, कोपऱ्यातला गाळ काढा, छिद्रांतून तार घाला, हातोडीने ठोकून ऐका. रंगाला फोड दिसला तर तो दाबून बसवू नका, खरवडून काढा. रुपयाएवढा गंज असताना अर्ध्या दिवसाचे काम असते. ताटाएवढा झाला की पत्रा कापावा लागतो. पुराचे पाणी लागलेले कोणतेही यंत्र असेल तर त्याच्या पोकळ भागांतला गाळ आधी धुऊन काढा, मग इंजिनाकडे वळा. मी नेमके उलटे केले होते.

आणि ज्यांच्या घरी आजोबांची जीप, राजदूत किंवा जुना ट्रॅक्टर पडून आहे, त्यांना आणखी एक सांगणे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्या मोडीत काढण्याचा नियम आला. आमच्यासारख्या कार्यालयांतल्या जुन्या जीपा आता अशा घरी येणार नाहीत. ज्या आहेत, त्यांची कागदपत्रे वेळेवर नूतनीकरण करून घ्या, आणि रंगरंगोटीचा खर्च करण्याआधी तळ पाहा. आधी पाया, मग कळस.

पुन्हा मालवण

फेब्रुवारी २०२० मध्ये जीप घेऊन पुन्हा करूळ घाट उतरलो. काजू मोहरला होता. शेजारी मुलगी बसली होती. पोटरीवरची खूण अजून लालसर होती. मी तिला म्हणालो होतो, भीती वाटत असेल तर एस.टी.ने ये. ती म्हणाली, "पत्रा जोडताना मी उभी राहून पाहिलाय. तुमच्या शब्दावर नाही, त्या पत्र्यावर बसतेय." बापाला असे बोल ऐकून घ्यावे लागतात, आणि ते ऐकलेले बरे.

मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. जीपचा आवाज वळणावरच त्यांनी ओळखला. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "चला मामा, फिरवायला न्यायचे कबूल केले होते." मामांनी लगेच पाय आत टाकला नाही. काठी बाजूला ठेवली, वाकले, आणि मॅट उचलली. नखाने रंग खरवडून पाहिला. मग बोटाच्या पेराने तळ वाजवला. पत्रा खणखणीत वाजला.

"आता माका बरा वाटला," ते म्हणाले, आणि चढून बसले.

आम्ही बंदरापर्यंत गेलो. समोर सिंधुदुर्गाचा तट उन्हात दिसत होता. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. परत येताना त्यांनी मला कुठली कलमे कुठल्या वाडीत उतरवली होती, त्या जागा एकेक करून दाखवल्या. त्यांतली बरीच झाडे आता छपरापेक्षा उंच झाली आहेत आणि दरवर्षी बी देताहेत. घरी सोडताना मी समुद्रावरून आलोय म्हणून त्यांनी स्वतः विहिरीचे पाणी काढायला लावले आणि गाडीचा तळ धुऊन घेतला, मगच आम्हाला जेवायला बसू दिले.

त्यानंतरचा प्रत्येक पावसाळा जीपने पाहिला आहे. दरवर्षी मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर आमच्या घरी मॅट उचलण्याचा दिवस ठरलेला असतो. एका ठिकाणी, चालकाच्या पायाखाली, सिलर थोडा सुटला होता. तो दोन वर्षांपूर्वी काढून नवा भरला. बाकी पत्रा वाजतो आहे.

वाचकहो, हे वाचून झाल्यावर एवढेच करा. आपल्या दारातल्या गाडीची, ट्रॉलीची किंवा ट्रॅक्टरच्या पायाखालची मॅट उचला आणि हातोडीने एकदा ठोकून ऐका. खणखणीत वाजले तर उत्तम. भद्द वाजले तर मृगाची वाट पाहू नका.